खारीच्या करवंट्या

एका जंगलाच्या अगदी कडेला, जिथे झाडं संपतात आणि माणसांची परसं सुरू होतात, तिथे उंबराच्या ढोलीत एक खार राहत असे. आता तुम्ही म्हणाल, ही खार आळशी निघणार, मग तिची फजिती होणार आणि शेवटी आम्हाला उद्योगी व्हा म्हणून सांगणार. नाही मुलांनो. तसल्या गोष्टी सांगून सांगून मी कंटाळले आहे. ही खार कामसू होती. इतकी कामसू की तिच्याकडे नुसतं बघून शेजारपाजारच्यांना दमल्यासारखं व्हायचं.

भाद्रपदात एक साळुंकी तिच्या आईचा निरोप घेऊन आली. खारीची आई डोंगरापलीकडे एकटी राहायची आणि आता म्हातारी झाली होती. साळुंकी म्हणाली, "तुझी आई म्हणते, एकटीनं आता झेपत नाही. तोंडाची चव गेली आहे, काही खावंसंच वाटत नाही. थंडी सरली की येते तुझ्याकडे, कायमची. चालेल का, असं विचारलंय."

"चालेल का म्हणून काय विचारते," खार म्हणाली. "तिला सांग, मी वाट बघते. आणि सांग की तोंडाला चव येईल असं काहीतरी करून ठेवते."

चव कशानं येते, हे खारीला चांगलं ठाऊक होतं. पलीकडच्या घरात पाट्यावर चटणी वाटायला घेतली की उंबरापर्यंत वास यायचा. दुसऱ्याच दिवशी त्या घरामागे तिला पुदिन्याची फेकून दिलेली जुडी सापडली. पानं काळी पडलेली, देठ लुळे. पण एक काडी पेरापाशी अजून हिरवी होती. खारीनं ती घरी आणली, खालची पानं काढली आणि पाणी भरलेल्या करवंटीत उभी करून ठेवली. आठव्या दिवशी पेरातून दोऱ्यासारखी पांढरी मुळं बाहेर आली. ती मुळं बघून खारीला काय आनंद झाला म्हणून सांगू. मला तो आनंद माहीत आहे. माझ्या खिडकीतही सध्या चार बाटल्यांत चार काड्या उभ्या आहेत.

मग तिनं एक रिकामी करवंटी घेतली. नारळाला तीन डोळे असतात ना, त्यातला एक मऊ असतो. तो तिनं दातांनी टोकरला, म्हणजे जास्तीचं पाणी खालून निघून जाईल. वर माती भरली आणि काडी लावली. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर मलाही बरं झालं असतं.

पण पुदिना वाढला. गावातल्या बायका शेंडा खुडताना खारीनं बघितलं होतं. शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात आणि रोप डेरेदार होतं. म्हणून तिनं शेंडा खुडला, आणि खुडलेला शेंडा हातात धरून उभी राहिली. चांगला हिरवा, टवटवीत शेंडा होता. खाऊन टाकायचा, नाहीतर टाकून द्यायचा, यापलीकडे त्याचं काही करायचं नसतं. पण खार म्हणाली, "जिवंत आहे हा. टाकायचा कसा?" आणि तिनं तो दुसऱ्या करवंटीत लावला.

तोही जगला. पुढे त्याचाही शेंडा खुडावा लागला. मग तिसरी करवंटी, मग चौथी. दरम्यान वाऱ्यानं पानांच्या ओव्याची फांदी मोडली, ती तिनं उचलून लावली. ओवा कसला मेला मरतोय, नुसता मातीवर पडला तरी मुळं धरतो. गवती चहाच्या गड्ड्यातून एक कोंब मिळाला, त्याचे बघता बघता सात झाले. कढीपत्त्याच्या झाडाखाली बी पडून रोपं उगवली होती, ती कुणाच्या तरी पायाखाली येतील म्हणून तिनं घरी आणली. आश्विन संपेपर्यंत उंबराखाली चाळीस करवंट्या झाल्या होत्या. त्यापुढे खारीनं मोजायचं सोडून दिलं.

सुरुवातीला ती शेजाऱ्यांना रोपं वाटायची. शेजारच्या बिळात ससा राहायचा. त्याला तिनं दोन पुदिने दिले, एक ओवा दिला, मग आणखी एक पुदिना दिला. चौथ्या खेपेला ती करवंटी घेऊन येताना दिसली, तेव्हा ससा घाणेरीच्या झुडपामागे जाऊन बसला. खारीनं त्याला तिथे गाठलं.

"ससेभाऊ, लपताय होय?"

"लपू नको तर काय करू, खारूताई," ससा कान पाडून म्हणाला. "तुझी मागची दोन रोपं मेली. तू विचारशील, कशी आहेत, म्हणून आठ दिवस तुला चुकवत फिरतोय. एवढ्याशा पानांपायी माझी झोप उडाली आहे. आता आणखी नको."

खारीला वाईट वाटलं. ती करवंटी घेऊन परत आली. ज्या रोपाला कुणी घेत नाही त्याला आपण तरी टाकायचं कसं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते ठेवून घेतलं.

कार्तिकात टेकडीवरच्या नाचणीची कापणी झाली. कापणी झाल्यावर शेतात जी कणसं पडून राहतात, त्याला सरवा म्हणतात. जंगलातले सगळे जीव तो वेचून वर्षभराची बेगमी करतात. चार-पाच दिवसांचं काम असतं, त्यानंतर पाखरं काही उरू देत नाहीत. ससा मनानं चांगला. तो पहाटेच खारीकडे आला.

"चल खारूताई, सरवा वेचायला. तुझी आई यायची आहे ना? दोघींना पुरेल एवढं आणायला हवं."

"आज नको हो," खार म्हणाली. "पुदिन्याची मुळं करवंटीत मावेनात. आज मोकळी करून वेगळी लावायची आहेत. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ओव्याला कीड लागली. एकेक पान पुसण्यात दिवस गेला. तिसऱ्या दिवशी गवती चहाचे गड्डे फोडायचे होते. चौथ्या दिवशी ती खरोखरच टेकडीवर गेली, पण सगळ्या करवंट्यांना पाणी घालून जाईपर्यंत ऊन वर आलं होतं. शेत पाखरांनी झाडून नेलेलं. परतताना गावाच्या पाराखाली तिला थोडे धने सांडलेले सापडले. मूठभर होते. खाण्यासारखे होते, ठेवण्यासारखेही होते. खारीनं ते घरी आणले, दगडाखाली हलके रगडून एकेकाचे दोन भाग केले आणि पेरले. धने तसेच लावायचे असतात, पद्धत बरोबरच होती तिची. तिची पद्धत नेहमीच बरोबर असायची.

थंडी पडली आणि सरली. कोथिंबीर उगवली. पावसाळा सरून कितीतरी महिने झाले होते, माघापासून ओढा आटत आटत लांब गेला. खार पळसाच्या पानाचा द्रोण करून पाणी आणायची. एका द्रोणात दोन करवंट्या भिजायच्या. सकाळी तीस खेपा, संध्याकाळी तीस खेपा. दुपारी रोपं उन्हातून सावलीत न्यायची आणि ऊन फिरलं की सावलीतून आणखी आतल्या सावलीत. ढोलीत जिथे दाणे ठेवायची जागा असते, तिथे आता नाजूक रोपं ठेवलेली होती. स्वतः ती काय खायची? मिळेल ते, उभ्या उभ्या. कधी बोर, कधी झाडाची साल. शेपूट पिंजारलेलं, डोळे खोल गेलेले. एकदा साळुंकीनं विचारलं, "अगं, इतकं कुणासाठी करतेस?"

"आईसाठी," खार म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिचं तिलाही खरं वाटत होतं.

फाल्गुनात आई आली. बोरं संपली होती आणि करवंदं अजून कच्ची होती, असे दिवस. दोन दिवस चालून चालून ती अगदी थकली होती. उंबराखालची ती सगळी हिरवळ बघून ती म्हणाली, "अगंबाई, केवढं केलंस गं हे." खारीला धन्य वाटलं. तिनं आईला सावलीत बसवलं, पळसाचं पान मांडलं आणि त्यावर एकेक चटणी वाढली. पुदिन्याची, कोथिंबिरीची, ओव्याच्या पानांची, कढीपत्त्याची. शेजारी द्रोणात गवती चहाचं वासाचं पाणी ठेवलं.

आईनं पुदिन्याची चटणी बोटावर घेऊन चाटली. मग कोथिंबिरीची. तिचा चेहरा बदलला. तिनं सगळ्या चटण्या पुन्हा एकदा चाखून बघितल्या आणि समाधानानं मान हलवली.

"किती महिन्यांनी तोंडाला चव आली बघ," ती म्हणाली. "आता खरी भूक लागली. वाढ बाई, दाणे वाढ."

खार ढोलीत गेली. आत जाऊन तिनं एक करवंटी बाजूला केली, मग दुसरी, मग सगळ्याच. खाली पालापाचोळा होता. तो तिनं उकरला. नाचणीचे पाच-सहा दाणे कुठल्यातरी मागच्या वर्षीचे सापडले, ते पोखरलेले होते. बाहेर आई पान पुढे घेऊन बसली होती. बराच वेळ झाला, तशी तिनं हाक मारली, "सापडत नाही का गं काही?" मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि स्वतःच ढोलीत डोकावली. दाण्यांच्या जागी रोपं होती आणि त्यांच्यामध्ये तिची लेक रिकाम्या हातांनी बसली होती.

आई रागावली नाही. रागावली असती तर खारीला सोपं गेलं असतं. तिनं आपलं पानात बांधलेलं गाठोडं सोडलं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून तिनं वाळलेली बोरं आणली होती. त्यातली बरीचशी तिनं लेकीपुढे ठेवली आणि म्हणाली, "खा. किती वाळली आहेस."

ती बोरं त्या दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी खार सशाकडे गेली. त्याच्या घरात चार पिल्लं होती, तरी त्यानं मूठभर नाचणी दिली आणि एका शब्दानंही काही म्हटलं नाही. खारीनं जंगलही पालथं घातलं, पण पाण्याच्या खेपांमधून वेळ काढून काढून. त्यामुळे फार लांब जाता येईना, आणि जवळपास काही शिल्लक नव्हतं. मूठभर नाचणी दोघींना किती पुरणार? तिसऱ्या सकाळी आई गाठोड्याचं रिकामं पान घडी करून निघाली.

"तुझ्या भावाकडे जाते," ती म्हणाली. "आणखी एक दिवसाची वाट आहे. हळूहळू जाईन."

"आई, राहा गं. मी आणते काहीतरी. आज नक्की आणते."

"तू का कमी करतेस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "दिवसभर बघते ना मी. इतक्या जणांचं करतेस एकटी. त्यात आणखी मी एक कशाला?"

एवढं बोलून ती वळली आणि थांबत थांबत पायवाटेनं चालू लागली.

खार तिच्या मागोमाग निघाली. तिच्या वाटेत आडवं व्हायचं, तिला धरून आणायचं, नाहीतर निदान भावापर्यंत पोचवायला जायचं, असं तिच्या मनात होतं. दहा-बारा पावलं गेली असेल. ऊन चढायला लागलं होतं. तिनं मागे वळून बघितलं, तर पुदिन्यानं माना टाकल्या होत्या आणि कोथिंबिरीची कड पिवळी पडत होती. आता पाणी घातलं नाही तर दुपारपर्यंत सगळं जाणार, हे तिला दिसत होतं. तिनं पुढे बघितलं. आई वळणापाशी पोचली होती.

रागावू नका हो तिच्यावर. फार दमलेल्या जिवाला नवीन काही सुचत नाही. हात रोज करतात तेच करतात. खार परत फिरली, तिनं द्रोण उचलला आणि ती ओढ्याकडे गेली.

तात्पर्य : जगेल ते सगळंच जगवत बसलं, तर ज्याच्यासाठी मुळात मातीत हात घातला, तोच आपल्या दारातून उपाशी जातो.