सालूबाईचं सातवं कडवं

प्रवरेला धरण नव्हतं आणि साखरडोह गावाला रस्ता नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. गावकुसाबाहेर एक सुईण राहायची. तिच्या बापानं येशूला मानलं, तेव्हा पोरीचं नाव सालोमी ठेवलं. गाव तिला सालूबाई म्हणायचं. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात ती बाळंतपणं शिकून आली होती. पण वेशीच्या आतल्या घरांत तिला कुणी बोलवत नसे.

त्या काळी साखरडोहात लेकरं सातव्या दिवशी जायची. तोंड मिटायचं, अंग ताठ व्हायचं, दूध सुटायचं. गाव म्हणे, सटवाईनं नेलं. सालूबाई दवाखान्यात जायच्या आधी तिचं स्वतःचं पहिलं लेकरू असंच गेलं होतं. दवाखान्यात तिला कळलं, लेकरं जातात ती नाळेच्या विळ्यावरच्या घाणीनं. त्याच विळ्यानं गवत कापायचं, त्यानंच नाळ कापायची आणि पाचवीला त्याचीच पूजा करायची. धुवायचा मात्र नाही. देवीचा हात लागलेला असतो ना!

पाटलांच्या सुनेची, चंद्रभागेची, तीन लेकरं अशीच गेली. चौथ्या खेपेला ती दोन दिवस अडली. गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा सासू ठकूबाई स्वतः वेशीबाहेर आली आणि सालूबाईला घेऊन गेली.

सालूबाईनं आधी चुलीवर पाणी ठेवलं आणि त्यात विळा सोडला.

"देवीचं हत्यार हाय ते," ठकूबाई म्हणाली. "रताळं न्हाई उकडायला."

"पाटलीणबाई, मला गंजच आवडतो असं सटवाई तुम्हाला कधी बोलली का?"

ठकूबाईला हसू आलं असतं, पण आत सून कण्हत होती. "हे लेकरू गेलं तर गाव म्हणंल, बाटलेली बाई घरात घेतली म्हणून गेलं."

"म्हणंल," सालूबाई हळूच म्हणाली. मग पुन्हा कुठल्याच घरात तिला विळ्याला हात लावू दिला नसता, आणि लेकरं जातच राहिली असती.

ठकूबाई चुलीपाशी बसली. "मग निदान देवाचं नाव तरी घे त्याच्यावर."

"मला माझ्याच देवाचं येतं."

"कुठं जन्मला तुझा देव?"

"गोठ्यात."

ठकूबाईनं मागं वळून पाहिलं. सुनेची बाज गोठ्याच्या भिंतीलाच लागून होती. पलीकडे गाय रवंथ करत होती.

"मग त्याला ठाऊक असंल इथलं," ती म्हणाली. "घे."

दवाखान्यात भिंतीवर घड्याळ होतं, इथं नव्हतं. पण सात कडव्यांचं एक भजन सावकाश म्हटलं की विळा पुरेसा उकळतो, हे सालूबाईनं ताडून ठेवलं होतं. तिनं सूर धरला:

*गवताच्या गादीवर राजा निजला गं,*
*मेंढरांच्या उबेनं जीव रिझला गं.*

दुसऱ्या कडव्याला ठकूबाईनंही आवाज मिसळला. असं म्हणतात, पाचव्या कडव्याला गंज पानासारखा गळून पडला. सातव्याला विळा चंद्रकोरीसारखा उजळला, आणि त्याच क्षणी चंद्रभागा सुटली. मुलगी झाली. त्याच विळ्यानं सालूबाईनं नाळ कापली.

मग सहा दिवस सालूबाईनं बोटांवर मोजून काढले. सातव्या दिवशी ती पाटलांच्या अंगणात येऊन उभी राहिली. आत सगळं चिडीचूप. आणि एकाएकी बाळानं टाहो फोडला, तोंड उघडून आईला लुचलं. असं म्हणतात, त्या वेळी गावातल्या साऱ्या गायींना पान्हा फुटला. ठकूबाईनं बाहेर येऊन सालूबाईचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. सगळ्या गावादेखत.

पुढं सालूबाईनं किती नाळी कापल्या, गणती नाही. बाळंतपण अडलं की प्रवरा तिला वाट देई, पुरात तिच्या लुगड्याचा काठही भिजत नसे, असं म्हणतात.

आता साखरडोहच्या बायका तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होतात. तरी कुणाला कळा सुरू झाल्या की तिच्या घरी चुलीवर पाणी चढतं, शेजारणी जमतात आणि भजन धरतात. यातल्या कितीतरी जणींनी चर्चची पायरी पाहिलेली नाही. तरी सातवं कडवं संपल्याशिवाय भांडं खाली उतरत नाही. बाळ घरी आलं की पुन्हा तसंच पाणी उकळून दारात ठेवतात. वरच्या आळीतली, खालच्या आळीतली, जी येईल ती बाळाला उचलून घेते. फक्त आधी दारातच तिला विचारतात, "सालूबाईचं पाणी घेतलंस का हातावर?"