चिंगीचे केस

एकदा काय झालं, दौलतराव देशमुखांच्या नातीच्या डोक्यात उवा निघाल्या आणि खापर फुटलं शेजारच्या पारूच्या चिंगीवर. देशमुख न्हाव्याला घेऊनच दारात आले.

"भादर हिचं डोकं!"

चिंगी पदराआड रडू लागली. पारूनं विचारलं, "मालक, तुमची नात हिच्याशी खेळते का?"

"छे! तुमच्या अंगणाकडं फिरकतसुद्धा नाही ती!"

"उवांना काही पंख नसतात, मालक. डोक्याला डोकं लागल्याशिवाय त्या जात नाहीत. पोरी खेळत नसतील, तर उवा तुमच्या घरच्याच. न्हाव्याला आधी तिकडंच न्या."

न्हावी देशमुखांच्या पागोट्याकडं बघू लागला.

"खेळत असतील गं कधीमधी," देशमुख पुटपुटले.

"मग धाडा तिलाही. तेल चोपडून दोघींची डोकी फणीनं विंचरते. एकीचीच विंचरली, तर दुसरीच्या परत येतील."

दुपारी दोन्ही पोरी पारूच्या ओट्यावर खिदळत बसल्या होत्या.