पृथ्वीच्या बाहेरची रेणव्वा

"मग मुलांना सांगू तरी काय, माई?"

तोडकर सरांचा आवाज चढला होता. गावाबाहेरच्या मठात राहणाऱ्या सगुणामाईंना त्यांनी मुद्दाम शाळेत बोलावून आणलं होतं.

माई पटांगणाकडे पाहत होत्या.

तिथे मुलांनी फक्कीनं मोठं रिंगण आखलं होतं. रिंगण म्हणजे पृथ्वी. काल सरांनी शाळेच्या टीव्हीवर सुपरहिरोचा सिनेमा दाखवला, तेव्हापासून हाच खेळ. आतले सगळे हिरो, बाहेरचे परग्रहावरचे शत्रू.

बाहेर एकटी रेणव्वा होती. वीटभट्टीवर कामाला आलेल्या कानडी जोडप्याची मुलगी.

"अहो, त्या सिनेमातला हिरोसुद्धा दुसऱ्याच ग्रहावरून आलेला," सर म्हणाले. "तरी पृथ्वीनं त्याला आपलं मानलं. हेच कळावं म्हणून तर दाखवला! वर तासभर बोललो. सीमा माणसानंच आखल्यात, सगळे आपलेच..."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या पोरांनी. आणि बाहेर जाऊन रेघ मारली."

माईंना हसू आलं. सरांना ते लागलं.

"हसू नका, माई. मी रेघ पुसली, त्यांनी पुन्हा मारली. रेणव्वाची आई सकाळी सांगून गेलीय, आज पोरगी रडत घरी आली तर उद्यापासून भट्टीवर नेते. शाळा बंद." सर थांबले. "हुशार पोर आहे हो. तुम्ही बोला. तुमचं ऐकतील."

"बोलून तर झालंय की तुमचं."

...

"सर, लग्नात तुमचे पाय कुठं धुतले?" माईंनी विचारलं.

"आँ?"

"सासऱ्यांनी. कुठं धुतले?"

"वेशीवर. सीमांतपूजनाला. नवरदेवाला वेशीवर सामोरं जातात, पाय धुतात, मग गावात घेतात... तुम्हाला काय सांगायचं!"

"वेशीवर का? घरात पाणी नव्हतं त्यांच्या?"

सरांची नजर पटांगणातल्या रेघेवर गेली.

...

मग ते उठले. माठातून तांब्या भरून घेतला आणि पटांगणात गेले.

"सर, रेघ पुसायची नाही हां!" पृथ्वीचा सेनापती झालेला सुयोग ओरडला.

"नाही पुसत."

सर रेघेपाशी उकिडवे बसले. "ये गं, रेणव्वा."

तिनं भीत भीत पाय पुढं केला. विटांच्या धुळीनं तो लाल झाला होता. सरांनी पाणी घातलं, हातानं चोळून धुतला. मग दुसरा.

रेणव्वाला गुदगुल्या झाल्या. ती खुदकन हसली. "गार हाय की ओ, सर!"

सर बाजूला सरकले. "ये. आत ये."

ती आत आली.

सुयोगनं तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग सरांकडे. आणि टुणकन रेघेबाहेर उडी मारली.

"सर, माझे पण!"

"माझे पण!"

"ए, ढकलू नको, आधी मी!"

बघता बघता सगळी पृथ्वी बाहेर येऊन रांगेत उभी राहिली.

सर भिजलेल्या पँटीनं उठले. आता यांचं काय करावं, त्यांना कळेना.

"माई, आत एकटी रेणव्वाच उरली की!"

"मग तांब्या तिच्याकडे द्या," माई म्हणाल्या. "आलेल्यांना या म्हणायला घरचं माणूस लागतं."