सुबरावचा बचाव

हरळवाडीत एक भोळा कोच होता. नाव सुबराव. बायको नाही, पोर नाही, शेत नाही. होतं ते गावामागचं फुटबॉलचं ग्राउंड. रोज सकाळी उठून तो त्यातले खडे वेचायचा. वेचलेले खडे टाकायला जागा नव्हती, म्हणून संध्याकाळी ग्राउंडच्याच दुसऱ्या कोपऱ्यात टाकायचा. दुसऱ्या दिवशी तो कोपरा वेचायला घ्यायचा. असा माणूस.

त्या ग्राउंडवर सरपंच बळवंतअण्णांचा डोळा होता. अण्णांना तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. गावची पोरं फुटबॉलला हपापलेली, म्हणून अण्णा सरळ नांगर घालू शकत नव्हते. त्यांनी चावडीवर जाहीर केलं, "तालुक्याच्या स्पर्धेत तुमचे पाच सामने हायेत. जिंका असं मी म्हणत न्हाई. पाचातला एक तरी बरोबरीत सोडवून दावा. न्हाई सोडवला, तर गोलपोस्ट काढून तिथं मांडव घालतो."

सुबराव म्हणाला, "चालतंय की."

पहिला सामना नऊ–शून्य हरले.

सुबरावनं सायकल काढली आणि तालुक्याला दस्तगीर वस्तादांकडं गेला. वस्ताद एके काळी जिल्ह्यातले नावाजलेले बॅक. त्यांना चकवून गेलेला माणूस म्हणे अजून जन्माला यायचा होता. आता त्यांचं सायकलचं दुकान होतं. ते पंक्चर काढत बसले होते.

"वस्ताद, नऊ पडले."

"पोरं काय करत हुती?"

"चेंडूमागं पळत हुती."

"किती?"

"अकरा."

वस्तादांनी ट्यूब पाण्यात बुडवली. म्हणाले, "आरं बाबा, चेंडूमागं काय पळताय? माणूस धरा. एकेकाला समोरचा एकेक गडी वाटून दे. त्यो जाईल तितं जायचं. सोडायचा न्हाई. ह्यो नवा बचाव."

"नवी पोरं आणू का त्यासाठी?"

"कुठनं आणतोस? हायेत त्यातच बसव."

सुबराव घरी आला आणि त्यानं गडी वाटले. अकराला अकरा. कुणावर अन्याय नको म्हणून गोलकीपर परसूच्या वाट्याला समोरचा गोलकीपर दिला.

दुसरा सामना सुरू झाला. परसू गोल सोडून निघाला तो थेट पलीकडच्या गोलात जाऊन उभा राहिला. तिकडच्या गोलकीपरनं विचारलं, "पाव्हणं, हिकडं कुठं?" परसू म्हणाला, "तुज्यापाशीच." मग दोघं बोलत बसले. बोलता बोलता सोयरीक निघाली. परसूच्या मावशीची नणंद त्याच गावात दिली होती.

बाकावरची आमची दोन पोरं त्यांच्या बाकावरच्या दोन पोरांना चिकटून बसली. सुबरावच्या वाट्याला तिकडचा कोच. तो पान खायला टपरीवर गेला, सुबराव मागं. तो आडोशाला गेला, सुबराव मागं. शेवटी त्यानं विचारलं, "काय पाहिजे का तुमाला?" सुबराव म्हणाला, "न्हाई. तुमी माज्या वाट्याला आलाय."

इकडं गोल रिकामा. आठ–शून्य.

सुबराव खुशीत वस्तादांकडं गेला. "एक कमी झाला वस्ताद. याच चालीनं गेलो तर शून्यावर येतोय की." वस्तादांनी सगळं ऐकलं. पाना खाली ठेवला. 

"सुबराव, माणूस सोड. जागा धर. ग्राउंडात ज्याची त्याची जागा ठरवून दे. आपल्या जागंत आलं की आडवायचं. दुसऱ्याच्या जागंत नाक खुपसायचं न्हाई."

"एवडंच?"

"एवडंच."

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सुबराव दिवसभर पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन आपल्याच ग्राउंडवर वाकला होता. त्यानं चौकोन आखले. दोन्ही बाजूंना आखले, कारण हाफटाइमला बाजू बदलतात हे त्याला माहीत होतं. एवढा काही तो मूर्ख नव्हता. फक्त गावचा माणूस असल्यामुळं त्यानं एका चौकोनाला दुसरा चिकटवला नाही. मध्ये दोन-दोन हात बांध सोडला. बांधाशिवाय वाटणी झाली की कोर्टकचेरी आलीच, हे हरळवाडीत पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

सामना सुरू झाला. चेंडू आला आणि म्हादबा आणि तुकाराम यांच्या चौकोनांच्या बरोबर मध्ये पडला. म्हादबा आमचा सगळ्यात थोराड गडी. त्याला हलवायचं तर बैलजोडी लागायची. तुकाराम सगळ्यात भांडखोर. दोघांच्या घरात खऱ्या बांधावरून बारा वर्षं दावा चालू होता.

तुकाराम म्हणाला, "माझ्या हद्दीत न्हाई."

म्हादबा म्हणाला, "मी बांध कोरणार न्हाई. मागं कोरला म्हणून नोटीस आली हुती."

समोरच्या पोरांना हे लवकर उमगलं. ती बांधाबांधानं पळायला लागली. बांध सरळ गोलापर्यंत जात होता. सुबरावनं वाट चांगली सपाट केली होती. खडेसुद्धा वेचले होते.

सात–शून्य.

वस्ताद हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी सुबरावला बसायला स्टूल दिलं. आजारी माणसाला देतात तसं.

"सुबराव, बचाव म्हंजे वाटणी न्हवं. म्हादबा, तुकाराम आणि तू सांगतोस ते दोघं जुळे भाऊ, असे चौघं तुझ्या मागच्या फळीत हायेत. त्या चौघांनी एका जिवानं ऱ्हायाचं. एक पुढं गेला की चौघं पुढं. एक मागं आला की चौघं मागं. एकाला एकटं सोडायचं न्हाई. कळलं?"

"एकाला एकटं सोडायचं न्हाई," सुबराव म्हणाला. परतीच्या वाटेवर सायकलच्या प्रत्येक पायडलला त्यानं हेच घोकलं.

चौथ्या सामन्यात पहिली पंधरा मिनिटं चौघं असे काही हलले की बघणाऱ्यांना वाटलं, आता जमलं. पण म्हादबानं सकाळी दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. पंधराव्या मिनिटाला त्यानं पोटावर हात धरला आणि तो ग्राउंडमागच्या घाणेरीच्या झुडपांकडं पळाला. तुकारामनं सुबरावकडं बघितलं. सुबराव ओरडला, "एकटं सोडायचं न्हाई." चौघं घाणेरीत गेले. चौघं बसले. तिघांना काही लागलं नव्हतं, पण बसले.

ते येईपर्यंत चार झाले होते. पुढं धाकट्या जुळ्याच्या बुटाची नाडी तुटली. ती बांधायला चौघं खाली बसले, तेवढ्यात आणखी दोन.

सहा–शून्य. आता एकच सामना राहिला. शेवटचा, पुन्हा घरच्या ग्राउंडवर, नांदणवड्याशी.

त्या रात्री सुबरावला जेवण गेलं नाही. ग्राउंड गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हेच त्याला सुचेना. मंगल कार्यालयात खडे कुणी वेचू देणार नव्हतं. सकाळी तो वस्तादांकडं गेला आणि दुकानाच्या दारातच रडला.

वस्तादांना कणव आली. म्हणाले, "उगी. मी सोता येतो."

आले. सामन्याच्या दिवशी जुन्या सायकलवर, टोपी घालून आले. सुबरावला त्यांनी बाजूला बसवलं आणि आहे त्याच पोरांना आपल्या हातानं मांडलं. म्हादबाला कुणी हलवू शकत नाही, त्याला मधोमध उभा केला. तुकारामला भांडल्याशिवाय करमत नाही, त्याला उजवीकडं, नांदणवड्याच्या सगळ्यात चपळ पोरासमोर. जुळ्या भावांना एकमेकांचं न बोलता कळतं, ते डावीकडं. परसूला सांगितलं, "हितनं हाललास तर तंगडं मोडीन." मग चौघांना जवळ घेऊन म्हणाले, "ह्या गोलात कुणाला शिरू द्यायचं न्हाई. कुणालाबी. खुद्द मामलेदार आला तरी."

"जी," चौघं म्हणाले.

"आणि सुबराव, तू एकच काम कर. जमलं की त्याला हात लावायचा न्हाई. काय बी बदलायचं न्हाई. शपथ घे."

सुबरावनं गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली.

पहिला हाफ शून्य–शून्य सुटला.

हरळवाडीत असं कधी घडलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. सुबराव लाइनीवर उभा राहून डोळे पुसत होता. अण्णा मनातून खट्टू झाले होते, पण सगळं गाव बघत होतं आणि निवडणूक चार महिन्यांवर होती. ते उठले आणि म्हणाले, "वस्तादांचा सत्कार झालाच पायजे. आत्ताच."

आता सत्कार म्हटल्यावर आलंच सगळं. शाल आणायला एक माणूस धावला. नारळ आणायला दुसरा. वस्ताद म्हणत होते, "आण्णा, आधी सामना हुं दे." पण सत्काराला नको म्हणणाऱ्याचं आमच्याकडं कुणी ऐकत नाही. त्यांना ग्रामपंचायतीच्या हॉलात नेऊन खुर्चीवर बसवलं, दार लावलं आणि माइक सुरू झाला. अण्णांनी भाषणाची सुरुवात नळपाणी योजनेपासून केली.

इकडं पंचांनी शिट्टी मारली. नांदणवड्याची पोरं बाजू बदलून आली. आमची पोरं निघणार, तर सुबराव दोन्ही हात पसरून आडवा.

"कोण हालायचं न्हाई. जमलंय. काय बी बदलायचं न्हाई."

परसू म्हणाला, "सुबादा, आता बाजू बदलत्यात की."

"त्यांना बदलू दे. वस्तादांनी मला शपथ घातलीया."

शपथ म्हटल्यावर परसूचा नाइलाज झाला. पंच आले, त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं. दोनदा चाळलं. खेळाडूनं आपल्याच गोलापाशी उभं राहावं, असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची कुणाला गरजच वाटली नसावी. त्यांनी शिट्टी मारली.

एका गोलात दोन गोलकीपर. त्यांचा आणि आमचा. दुसऱ्या गोलात चिटपाखरू नाही.

नांदणवड्याची पोरं पहिली दहा मिनिटं त्या रिकाम्या गोलाकडं फिरकलीच नाहीत. त्यांचा कोच ओरडून सांगत होता, "जाऊ नका, कायतरी डाव हाय. वस्ताद आलाय त्यांचा." शेवटी त्यांच्यातल्या एका अर्ध्या डोक्याच्या पोरानं लांबूनच चेंडू ढकलून बघितला. चेंडू चालत चालत गेला आणि जाळीत थांबला. एक–शून्य. मग सगळ्यांनीच ढकलायला सुरुवात केली.

तरी एक संधी आली होती, बरं का. गोल एकच झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचा फॉरवर्ड रंगा, ज्यानं जन्मात सरळ किक मारली नव्हती, त्याच्या पायाला चेंडू असा काही लागला की नांदणवड्याचा गोलकीपर जागच्या जागी खिळला. चेंडू वरच्या कोपऱ्यात चालला होता. गेला असता तर बरोबरी होती. पण परसूनं अख्खं अंग हवेत झोकलं आणि बोटाच्या टोकानं तो बाहेर काढला.

गावानं टाळ्या वाजवल्या. अडवणं एवढं देखणं होतं, की आपलाच गोल आपल्याच पोरानं अडवला हे वाजवल्यावर लक्षात आलं.

भोंग्यातून अण्णांचं भाषण ऐकू येत होतं. "आज आपल्या पोरांनी बचाव काय असतो ते अख्ख्या तालुक्याला दावलं." तेव्हा सातवा झाला.

शेवटची शिट्टी वाजली आणि हॉलचं दार उघडलं. शाल पांघरलेले, हातात नारळ धरलेले वस्ताद बाहेर आले. मागं अण्णा.

"किती?" वस्तादांनी विचारलं.

"तेरा–शून्य," कुणीतरी सांगितलं.

वस्ताद तिथंच दगडावर बसले. अण्णांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी वस्तादांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि म्हणाले, "ठरलं ते ठरलं. भूमिपूजन आत्ताच उरकतो." आणि समोरच्या, पंचायतीकडच्या गोलपोस्टाकडं चालू लागले.

तिथं चौघं अजून उभेच होते. सामना संपला म्हणून जागा सोडा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"बाजूला व्हा," अण्णा म्हणाले.

म्हादबा म्हणाला, "न्हाई सोडायचं, आण्णा. वस्तादांचा हुकूम हाय."

अण्णा उजवीकडनं निघाले, तुकाराम छातीला छाती लावून उभा. डावीकडं वळले, जुळे भाऊ हजर. अण्णा पुढं आले की चौघं पुढं, मागं गेले की चौघं मागं, आणि पाठीमागं परसू हात पसरून वाकलेला. अण्णांनी नारळ घेऊन सात वेळा प्रयत्न केला. सात वेळा परतवले गेले. दगडावर बसलेल्या वस्तादांच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं. उभ्या जन्मात त्यांनी एवढा चोख बचाव बघितला नव्हता.

अण्णा दमले. त्यांनी धोतराचा सोगा खांद्यावर टाकला, पाठ फिरवली आणि अख्खं ग्राउंड ओलांडून पलीकडच्या गोलात गेले. तिथं अडवायला कुणीच नव्हतं. एका दणक्यात त्यांनी पोस्टावर नारळ फोडला.

सुबराव धावत वस्तादांकडं आला. ऊर भरून आला होता त्याचा.

"वस्ताद," तो म्हणाला, "बघितलासा न्हवं? हिकडनं न्हाई शिरू दिलं."