डाव्या दांड्याचे भय

यंत्रांचे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही हकीकत. तुळसकर मास्तरांच्या जुन्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाला दणके झेलणारे दोन दांडे होते, डावा आणि उजवा. एके सकाळी डाव्याच्या लक्षात आले, की आपल्या पोटातील तेल बाहेर झिरपत आहे. त्याचा थरकाप उडाला. झिरपणारा दांडा थेट भंगारात जातो, असे त्याने ऐकले होते.

"धूळताई, मला झाकून टाक गं!" त्याने विनवले.

"झाकते बापडी. पण जिथे तेल, तिथेच मी चिकटणार हो!"

डाव्याने तिचे बोलणे कानाआड केले. दुसऱ्याच दिवशी घाटाच्या उतारावर ब्रेक लागताच मोटारसायकलीचे तोंड धाडकन खाली बसले. मास्तर दरीच्या कठड्याला टेकून कसेबसे थांबले. मग ते गाडी ढकलत सिकंदर मिस्त्रींकडे घेऊन गेले.

मिस्त्रींनी पुढचा ब्रेक आवळून हँडल दाबून पाहिले. मग डाव्यावरील धुळीच्या काळ्या वळ्यावर बोट फिरवले.

"मास्तर, ही धूळच चुगली करतेय बघा. आतलं रबरी सील फाटलंय. दांडा ठणठणीत आहे. पण सीलं जोडीनंच बदलायची."

त्यांनी उजवाही उघडला. त्यातून पाण्यासारखे पातळ, निकामी तेल ओघळले.

डावा थक्क झाला. "अरे, तूसुद्धा? मग बोलला का नाहीस?"

"भंगाराच्या भीतीने," उजवा पुटपुटला. "पण कठड्यापाशी मास्तरांचे धापा टाकणे ऐकले, आणि वाटले, त्यापेक्षा भंगार बरे होते."