दगडाशी शर्यत

ओढ्याकाठच्या गोगलगायींचा फार जुना नियम होता: शर्यत लावायची ती फक्त दगडाशी. का, असं विचारायचं नाही. दरवर्षी सगळ्या जिंकायच्या, शेवाळाच्या माळा घालून मिरवायच्या आणि दमून आठवडाभर झोपायच्या.

चपळा नावाच्या पोरीला याचा कंटाळा आला. तिनं सुरवंटाशी शर्यत लावली. सुरवंट पोहोचला, पान खाऊन परतही आला, तरी ही अर्ध्या वाटेवरच.

"आमचं नाक कापलंस," शंखोबा आजोबा म्हणाले.

"आपल्याला नाक कुठंय, आजोबा?"

ती रोज जायची, रोज हरायची. पण चार पावलं गेलं की मागं वळून आपलीच चकाकती वाट कौतुकानं बघत बसायची, ही घराण्याची सवय तिला सुरवंटामागं धावताना सोडावी लागली.

त्या वर्षी दगडाच्या शर्यतीत ती शेवटच्या खुणेपाशी पोहोचली, तेव्हा माळा ओवायलाही कुणी आलं नव्हतं. बऱ्याच वेळानं शंखोबा धापा टाकत आले.

"सुरवंटाचा नाद सोड, मग माळ मिळेल. नाहीतर घर सोडून चालती हो."

"घर पाठीवर आहे, कुठं सोडू? माळ दगडाला घाला, बिचारा पिढ्यान्‌पिढ्या हरतोय. मी काही आता त्याच्याशी धावणार नाही. उद्या खेकड्याशी लावलीय."

शंखोबांनी शिंगं आत ओढली. पाठोपाठ सगळी वडीलधारी मंडळी आपापल्या शंखात शिरली. मग बराच वेळ त्यांच्यात दगड कोणता, हेच ओळखू येईना.