चिमाचा विसावा

बसा की त्या दगडावर, बसा. चढ चढून दमलाय. चांगला गुळगुळीत झालाय दगूड, घासून घासून. कशानं घासला म्हणता? आमच्या गावची मढी ठेवून ठेवून.

हां, उठलात! समदीच उठत्यात. परवा एक जाडजूड बाई बसल्या व्हत्या, त्या उठल्या ते पार खिंडीच्या टोकाला जाऊनच थांबल्या. बसा परत, दगूड काय करत न्हाई. ह्याला चिमाचा विसावा म्हणत्यात. मढं मसणात नेताना अर्ध्या वाटंवर खाली टेकवत्यात, खांदं बदलत्यात, आन तिथनं निघाल्यावर कुणी मागं बघत न्हाई, त्यो विसावा. समद्या गावांना आसतो. आमचा जरा येगळा हाय. का, ते मला माझ्या थोरल्या चुलत्यानं सांगितलं. मी अंगठाबहाद्दर माणूस, लिवून ठेवलेलं काय न्हाई. पण ह्यातला एक शब्द खोटा निघाला तर… तर निघाला, आता ह्या वयात मला कोण मारतंय?

गोऱ्या सायबाचं राज तवा नवं व्हतं. ह्या डोंगराखाली बोरजाई गावात चिमा नावाची बाई तट्टं पाळायची. नवरा वारलेला, पोरबाळ न्हाई, सात तट्टं हीच लेकरं. पलटणीचं सामान वाहायला फौजदारानं ती तट्टं वेठीला धरली. वेठीला म्हंजे फुकट. महिन्यानं दोनच माघारी आली, ती बी पाठीवरनं सोललेली. चिमानं कासोटा मारला, छावणीत शिरली आन खुंट्याला व्हती न्हवती तेवढी वेठीची घोडी सोडून डोंगरात घेऊन गेली. मागनं ज्याची त्याच्या दारात नेऊन बांधली.

तवापास्नं ती दरोडेखोर झाली. वेठीला जनावर धरलं की चिमा ते सोडवायची. पळत्या घोड्यावर उडी घ्यायची म्हणे. सरकारी टपाल लुटायची आन त्यातल्या कागदांवर च्या… च्या कुठला तवा, पेज शिजवायची. वाचता येत न्हवतं, माझ्यासारखंच. दोन वर्सं कुणाच्या हाताला लागली न्हाई.

पण डोंगरात भाकरी पिकत न्हाई. बोरजाईतली सगुणा, राणूची बायकू, सरपणाच्या निमतानं वर यायची आन पदराखाली भाकरी आणायची. कुणीतरी चुगली केली. फौजदारानं राणूला आन त्याच्या तिघा भावांना कोठडीत घातलं आन सगुणेला बोलावून सांगितलं, "उद्याच्या भाकरीत धोतऱ्याचं बी घाल. ती मेली तर चौघं सुटतील. न्हाई तर चौघंबी काळ्या पाण्यावर."

आता सांगा, काय करावं बाईनं? तिनं बी वाटलं, पिठात मिसळलं, भाकरी थापली आन सकाळच्या पारी निघाली. ती वर कपार दिसती ना, तिथं चिमा बसली व्हती. कालपास्नं उपाशी.

"सगुणे, आज उशीर गं?"

"चूल पेटंना, अक्का."

"बरं, बस हितं. पयला घास तुझा."

संशय बिंशय काय न्हवता. रोज ती हेच म्हणायची आन रोज सगुणा म्हणायची, "मी जेवून आलेय." एकटीनं खायचा कटाळा आला व्हता बिचारीला. पण त्या दिशी सगुणेनं खरंच घास मोडला आन तोंडात घातला. चिमानं बघितलं, बाई चावतीया आन डोळ्यांतनं धार लागलीया. झटकन तिनं सगुणेचा जबडा धरला, बारक्या पोराच्या तोंडातनं माती काढत्यात तशी दोन बोटं घातली आन घास उपसून काढला.

"थुक! थुक, भवाने! काय घातलंस ह्यात?"

सगुणेनं समदं सांगितलं. म्हणाली, "तू खाल्लंस की नवरा सुटंल. पण तुला मारून मी कशी जगू? म्हणलं दोघी संगंच जाऊ."

चिमानं ती भाकरी दगडाखाली पुरली, किडामुंगीनं बी खाऊ नये अशी. मग हसाय लागली. "फौजदाराला मढं पायजे न्हवं? देऊ की!"

तोंडाला राख फासली, रिठं चावून फेस काढला आन आडवी झाली. सगुणा बोंबलत खाली गेली. फौजदार आठ शिपाई घेऊन आला. घोडं हितं खिंडीत बांधलं, कपारीत चढला आन बाभळीचा काटा घेऊन चिमाच्या टाचंत खुपसला. जन्मभर अनवाणी हिंडलेली टाच ती. काटाच मोडला. फौजदार म्हणाला, "मेली."

सायबाला मढं दाखवायचं तर खाली न्यायला पायजे. शिपाई म्हणाले, "सरकार, आमचं काम धरायचं, उचलायचं न्हाई." गावातलं कुणी येईना. शेवटी फौजदारानं कोठडी उघडून राणूला आन भावांना आणलं. चार भाऊ, चार खांदं. आपल्या हातानं सोडलं म्हणा की.

राणू तिरडी बांधाय लागला. आता त्याला कळवायचं कसं? सगुणेनं गळा काढला,

"अगं माझे अक्काऽऽ, सैल बांधा गं हिलाऽऽ, हिला आवळलेलं सोसत न्हाईऽऽ! सुरगाठ मारा गं बाईऽऽ, विसाव्याला वढाया येईलऽऽ!"

शिपाई फिदीफिदी हसले. मढ्याला म्हणं सोसत न्हाई! राणू हसला न्हाई. त्यानं बैलाच्या दाव्याला मारत्यात तशा सुरगाठी मारल्या, एका हिसक्यात सुटणाऱ्या.

मढ्यासंगं पायताण घालून चालायचं नसतं. शिपायांनी जोडं काढलं, त्यांचं बघून फौजदारानं बी बूट काढलं. हितं ह्या दगडावर तिरडी टेकवली. सगुणा वरडली, "अकाली मेलीया, खांदेकरी सोडून समद्यांनी पाठ करा! बघंल त्याच्या मानगुटीवर बसंल!" नऊच्या नऊ गडी बोरजाईकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं. फौजदार तर डोळं बी मिटून.

मागनं टापा वाजल्या. वळून बघत्यात तर मढं घोड्यावर! राखेचं तोंड, तोंडाला फेस, आन फौजदाराचंच घोडं. बंदुका तिथंच पडल्या. दुपारच्या तापल्या खडकावरनं नऊ जण अनवाणी जे पळालं ते थेट बोरजाईत.

फौजदारानं सायबाला कळवलं, चिमा मेली, मढं जाळलं. मढं माझंच घोडं घेऊन गेलं असं कसं लिवणार? खांदेकऱ्यांचं नाव बी काढलं न्हाई, न्हाई तर समदंच बाहेर आलं असतं. मग मेलेल्या बाईला कोण हुडकतंय? ती खिंडीच्या ह्या अंगाला आली, चार भाऊ आन सगुणा तिच्यामागनं. त्यांनी आमचं आंबवणी गाव वसवलं. चिमा म्हणं तट्टं पाळत म्हातारी झाली, आन सगुणेच्या ताटात जेवली रोज.

आजही आमच्या गावात तिरडीला सुरगाठच मारत्यात. आन ह्या दगडावर मढं टेकवलं की कुणी पाठ करत न्हाई. समदी तोंड करून हुबी ऱ्हात्यात. एक चिलीम ओढून व्हईल इतकी वाट बघत्यात, उठतंय का म्हणून. अजून कुणी उठलं न्हाई. पण घाई कसली हाय?

मी पोरांना सांगून ठेवलंय, माझ्या येळंला दोन चिलमी थांबा.